श्रियाच्या नावापुढचे दोन सोमवार

दि. १५ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. तालुका आरोग्य अधिकारी,
पंचायत समिती कार्यालय

विषय : मयत विद्यार्थिनी कु. श्रिया हिच्या नावापुढील गोळी घेतल्याच्या दोन खुणा खोडण्याबाबत.
संदर्भ : आपले दि. ८ सप्टेंबरचे उत्तर.

महोदय,

अर्जदार नीला राजरत्न उबाळे ही आंबिवलीपलीकडील वाघेरपाड्याच्या शाळेत खिचडी शिजवते. तिची थोरली श्रिया, इयत्ता आठवी, १४ ऑगस्टला वारली. अंगात रक्त नव्हते, हिमोग्लोबिन ३.८. आपण कळवले की, नोंदवहीनुसार मुलीने लोहाची गोळी एकही सोमवार न चुकता घेतली, सबब शाळेची हयगय नाही.

नोंदवही चोख आहे, याबद्दल वाद नाही. इतकी चोख, की श्रियाने १८ आणि २५ ऑगस्टलाही गोळी घेतली. महिन्याच्या पहिल्या सोमवारीच सगळ्या सोमवारांच्या खुणा होतात. नोंदवही भरणाऱ्या सरांचा वेळ वाचतो.

गोळी मिळते साडेदहाला, खिचडी दीडला. मुली घरून कोऱ्या चहावर निघालेल्या. श्रिया म्हणालेली, "आई, उपाशीपोटी त्या गोळीने मळमळतं गं." अर्जदार म्हणालेली, "सरांसमोर तोंड वाकडं करू नको, माझं काम जाईल." पोरीने ऐकले. इतर मुलींसारखी तीही गोळी गालात धरून पाण्याच्या पिंपामागे टाकू लागली. झाडताना अर्जदारास त्या निळ्या गोळ्या दोनदा दिसल्या. तिने केरात भरल्या, कोणास सांगितले नाही. सबब हयगयीच्या रकान्यात अर्जदाराचेही नाव घ्यावे.

गोळी खिचडीनंतर द्या, असे तिने आता सरांना विनवले. दोन-दोनदा रांग कोण लावणार, असे ते म्हणाले. रांग अर्जदार लावील. खिचडी वाढायचा डाव तिच्याच हातात असतो. धाकटी रुचिता सहावीत आहे. तिचे हिमोग्लोबिन ७.९ आहे आणि सप्टेंबरच्या पाचही सोमवारांच्या खुणा झालेल्या आहेत. त्यांतले दोन सोमवार अजून यायचे आहेत.

तरी श्रियाच्या त्या दोन खुणा खोडाव्यात, आणि गोळी खिचडीनंतर देण्याचा लेखी आदेश येत्या सोमवारपूर्वी शाळेस द्यावा, एवढेच मागणे.

आदेशाची वाट पाहणारी,
नीला राजरत्न उबाळे
(सही)

सोबत :
१) आपल्या उत्तराची प्रत
२) नोंदवहीच्या पानाचा फोटो
३) दवाखान्याचा कागद
४) पिंप सरकवल्यावर निघालेल्या गोळ्या, नग एकोणचाळीस. मोजून पोच द्यावी. यांतल्या श्रियाच्या कोणत्या, हे अर्जदारास ओळखता आले नाही.