श्वास धरा, हलू नका

७ जुलै. पहाटे ५.१०
मेडिकल इमेजिंगच्या पदवीचा आज श्रीगणेशा. डिप्लोमावाल्यांना थेट शेवटच्या वर्षाला प्रवेश मिळतो. एकतीस वर्षं एक्स-रे काढणाऱ्या बाईला खरं तर थेट पदवीच द्यायला हवी होती, पण असो. पुढच्या मेअखेरीस आमच्या विभागाचे इन्चार्ज निवृत्त होताहेत. हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पदवी आणा, खुर्ची तुमची. नाहीतर नियमाप्रमाणे चिमणीची. चिमणी माझ्याच हाताखाली तयार झालेली. तिच्याकडे पदवी आहे, पण अनुभव जेमतेम सहा वर्षांचा. म्हणजे प्रश्नच मिटला.
रोज पाच ते सात अभ्यास. आत्ताच बसते.

७ जुलै. सकाळी ८.००
डोळा लागला होता.

१२ जुलै
टाइमटेबल पूर्ण. पाच दिवस गेले, पण चारी बाजूंनी रंगीत पेन्सिलीची किनार आहे. पुस्तकांना ब्राऊन पेपरची कव्हरं घातली, कॉन्व्हेंटात सिस्टर शिकवायच्या तसे कोपरे दुमडून. नीटनेटकं पुस्तक म्हणजे निम्मा अभ्यास, असं त्यांचं मत होतं. निम्मा झाला.

३ ऑगस्ट
फिजिक्स अवघड नाही, लेखकाला लिहिता येत नाही. आज हे माझी परीक्षा घ्यायला बसले. किलोव्होल्ट वाढवले तर काय होतं, असं विचारलं. मी म्हटलं, आधी पेशंट किती जाड आहे ते सांगा. हे म्हणाले, अगं, या प्रश्नात पेशंटच नाहीये. तेच तर माझं म्हणणं आहे.
'पेशंट केअर' हा विषय मात्र मी झोपेत शिकवीन. ते पुस्तक न उघडताच चिमणीला देऊन टाकलं. नव्या कव्हरसकट. तिला गरज आहे.

२१ सप्टेंबर
पुस्तकात डार्करूम शोधली. मोठा धडा असेल असं वाटलं होतं. 'इतिहास' या मथळ्याखाली अर्धं पान निघालं. लाल दिव्यात हँगरवरची ओली फिल्म उचलून धरायची, थेंब गळताहेत, एकेक बरगडी दिसू लागलीय, हाताला फिल्म पक्की करणाऱ्या हायपोचा वास, आणि दाराबाहेर कुणाची तरी आई ताटकळलेली. डार्करूममधली माझी सतरा वर्षं अर्ध्या पानात बसली. त्यातही आकृती आहे.
आज अभ्यास नाही.

१५ नोव्हेंबर
एका आजोबांच्या छातीचा एक्स-रे. श्वास घ्या, धरा, हलू नका, असं सांगितलं आणि स्क्रीनवर फोटो बघण्यात रमले. आजोबा छाती फुगवून तसेच शर्ट घ्यायला निघाले. चिमणी मागे धावली, आजोबा, सोडा, श्वास सोडा! नंतर मला हळूच म्हणाली, ताई, सोडा म्हणायचं राहतं हं हल्ली तुमचं. मी म्हटलं, माणूस कधी ना कधी सोडतोच.
पण आवाजात काय जरब आहे माझ्या!

२ फेब्रुवारी
नवं टाइमटेबल. हे म्हणाले, या वेळी किनार जरा अरुंद ठेव, आत लिहायला जागा राहील. दुर्लक्ष केलं.
इन्चार्जच्या खुर्चीचं माप घेऊन आले. क्रॉस-स्टिचची उशी करायला घेतली. अभ्यासातून विरंगुळा हवाच.

१९ एप्रिल
उशी झाली. फिजिक्सचा पेपरही झाला. देवाची करणी.

२८ एप्रिल. संध्याकाळी ६.००
पेशंट केअरचं प्रॅक्टिकल अप्रतिम! पेशंट म्हणून कॉलेजच्या ग्रंथपालांना उभं केलं होतं. मशीन बंद, नुसतं करून दाखवायचं. त्यांची हनुवटी टेकवली, खांदे पुढे घेतले, श्वास घ्या, धरा, हलू नका. तेवढ्यात परीक्षकांनी विचारलं, छातीचा फोटो सहा फुटांवरून का काढतात? जवळून काढला तर हृदय आहे त्यापेक्षा मोठं दिसतं. हे एका वाक्यात सांगितलं आणि मग ओघात डार्करूमवर आले. लाल दिवा, हँगर, हायपो, सगळं. ग्रंथपाल हात हलवायला लागले. मी पुन्हा बजावलं, हलू नका. बिचारे जांभळे होईपर्यंत हलले नाहीत. मग स्टँडला टेकून खालीच बसले.
परीक्षक भारावले असावेत. सारखे लिहीत होते.

२० मे
फिजिक्स पास! बावन्न मार्क! ह्यांनी फोन करून सगळ्या नातेवाइकांना कळवलं.
पेशंट केअर नापास. पन्नासपैकी अकरा. पुन्हा सप्टेंबरमध्ये.
ते मात्र कुणाला कळवलं नाही.

४ जून
स्टाफची वार्षिक तपासणी. नव्या इन्चार्जने माझा एक्स-रे स्वतः काढला. सकाळीच तिच्या खुर्चीवर उशी ठेवून आले होते. घरातल्या एकाही खुर्चीला ती बसेना. चिमणी म्हणाली, किती सुंदर आहे हो ताई, आणि तिचेच डोळे भरून आले.
मग हनुवटी टेका, खांदे पुढे, श्वास घ्या, धरा. मी धरला. सोडा ताई. आणि वर, सोडलात ना?
किती मायेनं म्हणते! सगळा स्टाफ रांगेत उभा होता. संधी साधून मी मोठ्यानं विचारलं, हे इतकं छान कुणी शिकवलं गं तुला?
चिमणीने ड्रॉवर उघडला. म्हणाली, तुम्ही दिलेल्या पुस्तकात आहे ना, पान बारावर. सप्टेंबरपर्यंत घेऊन जा.
कव्हर अजून जसंच्या तसं आहे.