जर्मनीचा दर आणि रिसालीची गच्ची

६ एप्रिल, रविवार
रिसालीतल्या घराच्या गच्चीवर सोलर लागलं! आपण वापरून उरलेली वीज कंपनी विकत घेणार. पोलाद प्लांटच्या स्टोअर्समध्ये नोकरीत जन्म काढला, आता मी उत्पादक. नागपूरचे साडू नरहरीराव दर महिन्याला आपलं सोलरचं बिल व्हॉट्सॲपवर टाकून मला डिवचतात. फोनवर सांगून टाकलं, पहिल्याच बिलात तुमच्यापेक्षा जास्त वीज विकून दाखवतो.
संकल्प: कुठलं राज्य काय दर देतं, तौलनिक अभ्यास. रोज एक राज्य.

९ एप्रिल, दुपार
गुजरातची पीडीएफ उघडली. झोप लागली. कूलर बिघडलेला असताना अभ्यास होत नाही. राज्यं नंतर. थेट जर्मनी घेतो.

१४ एप्रिल
जर्मनीत वीस वर्षांचा दर एकदाच बांधून देतात. वाचून भरून आलं. सौ. विजया मध्येच काहीतरी विचारायला आली. "अहो, वरच्या त्या काचा मस्त तापून राहिल्या, मी वापरू का?" मी हो म्हणालो. जर्मनीत होतो.

२२ एप्रिल
गुडघा. गच्चीवर जाणं बंद. मालकाने रोज जिना चढायचा नसतो.
कुरडया यंदा भलत्याच लवकर वाळल्या. तळून खाल्ल्या, उत्तम. नोंद: रिसालीचं ऊन बर्लिनपेक्षा सरस.

५ मे
बिल आलं. विकलेली वीज जवळपास शून्य! दोष सरळ धोरणाचा. आजच 'रिसाली सौर उत्पादक मंच' स्थापन केला. अध्यक्ष मी. सदस्य मिळवणे.

११ मे, रविवार
नरहरीराव आले. शेजारणींनाही बोलावलं होतं. जर्मनी आणि आपल्यावरचा अन्याय यावर तासभर बोललो. नरहरीराव एवढंच म्हणाले, "भाऊ, चला तं वर, पॅनल तं पाहू."
गुडघा धरून चढलो. एका पॅनलवर कुरडया, दुसऱ्यावर पापड, तिसऱ्यावर मुगवड्या. उरलेल्यावर जुनं लुगडं अंथरून शेजारच्या सिंधुताईंचे गहू. विजया म्हणाली, "तुमालेच तं इचारलं होतं ना. तुमी हो म्हटलं."
नरहरीराव हसले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. जाताना कुरडयांची पिशवी घेऊन गेले.

त्याच दिवशी, संध्याकाळ
मंचाला सदस्य मिळाले. गल्लीतल्या सगळ्या बायका. प्रत्येकीला सोलर पाहिजे, वाळवणासाठी. अध्यक्षपदी विजया, बिनविरोध.
उद्यापासून मी गच्चीवर, काठी घेऊन, कावळे हाकायला. जर्मनीत या कामाला काय दर देतात, बघायला हवं.