फाटकासमोरचे अकरा विद्यार्थी

मु. पो. बोरदरा, जि. अहमदनगर
१२ ऑगस्ट १९९४

तीर्थरूप श्रीमंत दाजींस,

तुमचा धाकटा मेहुणा मच्छिंद्र याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आम्ही इकडं खुशाल. पाऊस नाही, पण आमच्याकडं त्याला कुणी बातमी म्हणत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? निरगुडीचा शेक घेत जा. अक्काला नमस्कार, दीपाला आशीर्वाद.

मागं तुम्ही म्हणाला होतात, कॉलेजनं गावाचं काय भलं होतंय, पोरं नुसत्या मिशा कोरतात. अहो दाजी, मिशा कोरायला न्हावी लागतो, न्हाव्याला दुकान लागतं, दुकानाला भाडं लागतं! तीन वर्षांपूर्वी कॉलेजच्या फाटकासमोर बाभळी होत्या. आता माझं हॉटेल आहे (बाकडी तीनच, पण पाटीवर हॉटेल), छगनचं पंक्चरचं दुकान आहे, कल्याणचं झेरॉक्स आहे. एसटी पूर्वी हात केला तरी थांबायची नाही, आता न करता थांबते. केशरबाईच्या गोठ्यात म्हैस होती तिथं चार पोरं भाड्यानं राहतात. (म्हैस जास्त स्वच्छ होती, असं केशरबाई म्हणते.)

तर जूनमध्ये विद्यापीठाचं पत्र आलं. पहिल्या वर्षाला ऐंशी विद्यार्थी दाखवा, नाहीतर कॉलेज तालुक्याला हलवतो. आमच्याकडं एकोणसत्तर! आमचं तर धाबंच दणाणलं. मग हॉटेलात बसून मोजलं, तर फाटकासमोरचे बारावी पास दुकानदार बरोब्बर अकरा. (बारावी होऊन बेकार राहिलो म्हणून तर टपऱ्या टाकल्या.) प्राचार्यांनी आधी कपाळावर हात मारला, मग अकरा फॉर्म काढून दिले.

तपासणीला तिघे साहेब आले. आम्ही अकराजण इस्त्रीचे शर्ट घालून वर्गात. सगळं जमलं होतं, पण अकराजण वर्गात म्हणजे अकरा दुकानांना कुलूप, हे एकाच्याही टाळक्यात आलं नव्हतं. साहेबांची जीप फाटकातच पंक्चर झाली. छगन वर्गात. साहेबांना चहा हवा, माझं हॉटेल बंद. हजेरीपटाची झेरॉक्स हवी, कल्याण माझ्या शेजारी बसून घाम पुसतोय. मोठे साहेब नेमके आमच्या खिडकीबाहेर उभे राहून म्हणाले, "इथं धड चहा मिळत नाही. असल्या जागी कॉलेज ठेवायचं कशाला? तसा शेरा लिहा."

अर्थशास्त्राचा तास चालू होता, तरी मी उठून ओरडलो, "सायेब, चा किती करू?" छगन तर खिडकीतूनच पाना आणायला पळाला. पाच मिनिटांत वर्ग अर्धा रिकामा नि बाजार उघडा. साहेब काय समजायचं ते समजले. दोन प्लेट भजी खाल्ली नि म्हणाले, नावं घातलीत ना, आता बसा. रोज हजेरी नि शेवटी परीक्षा. ऐंशीत एक जरी कमी झाला तर कॉलेज हललंच म्हणून समजा.

तेव्हापासून सात ते दहा वर्ग, मग दुकान. परवा चाचणीत प्रश्न आला, संस्थेमुळे परिसराला होणारे आर्थिक फायदे लिहा. मी सात पानं लिहिली, केशरबाईच्या म्हशीसकट. विसात चौदा! सरांनी ती पानं सगळ्या वर्गाला वाचून दाखवली. दाजी, माझं लिहिलेलं आजवर कुणी वाचलं नव्हतं, उधारीची वही सोडून. डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगतो.

आपला,
मच्छिंद्र

ता. क. छगन गळाला. त्याची बायको म्हणाली, "शाळा शिका न्हाईतर पंक्चर काढा, एक काय ते ठरवा." आता झाले एकोणऐंशी. तुमची दीपा बारावीला एकसष्ट टक्के घेऊन चुलीपुढं बसलीय आणि तुम्ही स्थळं बघताय. तिला इकडं पाठवा. राहायला मामाचं घर आहे.

ता. क. दुसरा. मी हे कॉलेजसाठी लिहितोय असंच समजा. म्हणजे तुम्हाला बायकोचं ऐकल्यासारखं वाटायचं नाही.

ता. क. तिसरा. दीपाची मार्कलिस्ट घरात शोधू नका. अक्कानं ती आठवड्यापूर्वीच माझ्याकडं पाठवली. तिच्या फॉर्मवर पालकाच्या जागी मामा म्हणून मी सही ठोकलीय. आज सकाळी सरांनी हजेरीत तिचं नाव पुकारलं, तेव्हा "हजर" मीच म्हणालो. सोमवारच्या एसटीत तिला बसवून द्या. रोज रोज एवढा बारीक आवाज मला काढता येत नाही.