रिकाम्या हाती येऊ नये म्हणून

मी, एलोई पोआरो, वय चोवीस, मूळ राहणार पुएमा खोरं, सध्या मुक्काम पश्चिम किनाऱ्यावरच्या निकेल खाणीतली बराक सहा, डोकं ठिकाणावर ठेवून, कोणाच्याही शिकवणीशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. दारू घेतलेली नाही. साक्षीदार सोसेफो यांनी तोंडाचा वास घेऊन खात्री केली आहे.

कारण असं, की दंगलीमुळे आईची साखरेची औषधं गावात पोचत नाहीत. उद्या सकाळी ती घेऊन मी निघणार. वाटेत गोऱ्या गुरंवाल्यांनी रस्ता अडवलाय आणि त्यांच्याकडे बंदुका आहेत.

१. जमीन. ती मला कोणाला देता येत नाही. आम्हा कनाकांत, म्हणजे या बेटाच्या मूळ लोकांत, माणूस जमिनीचा असतो. आमच्या कुळाला ज्या टेकाडाचं नाव आहे, त्यावर सध्या गोऱ्या देवो कुटुंबाच्या गाई बसतात. ही नुसती नोंद.

२. देह. तोही माझा नाही. श्वास मामाकडून येतो, म्हणून मरणाची खबर आधी तेइन मामाला. कापड आणि कोनफळ पुढे ठेवून, मान खाली घालून.

३. पिकअप गाडी बहीण मारी-लूझला. दुसरा गिअर अडकतो. शिवी दिली की पडतो.

४. वॉकीटॉकी यानिक देवोला परत. जोडीतली दुसरी त्याच्याकडेच आहे. आम्ही बारा वर्षांचे असताना त्याच्या आजोबांनी हरणांच्या शिकारीसाठी दिली होती. गेल्या मंगळवारी औषधं घेऊन गेलो तेव्हा अडथळ्याआधीच्या वळणावर सहज चालू केली, तर त्याचाच आवाज: "हरीण येतंय रे. शिंगं फुटायचीयेत अजून." मागे हसणं. रस्त्यावर माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी परत फिरलो.

तेव्हापासून डोक्यात एकच. बंदुकीच्या दुर्बिणीतून मी त्याला ओळखू आलो होतो का? ओळखून हरीण म्हणाला, की न ओळखता? दोन्हींत फरक असणार, पण कोणता ते सापडत नाही. आमची पोरं त्यांना गोचीड म्हणतात. मीही म्हटलंय. तेव्हा यानिकचा चेहरा कुठे गेला होता, हेही बघायला हवं.

५. निळ्या फुलांचं कापड. हे मी अडथळ्यावर ठेवून वाट मागणार होतो. मामा फोनवर उखडला.

"येड्या, कापड पाहुण्यानं ठेवायचं. पाहुणा कोण, तू का ते?"

"ते."

"येऊन किती वर्षं झाली?"

"सव्वाशे."

"ठेवलं कधी?"

"त्यांना माहीतच नसेल तर, मामा?"

"सव्वाशे वर्षं?" मामा बराच वेळ हसला. मग म्हणाला, "विचारून बघ बाबा. पण आधी आईची औषधं पोचव."

म्हणून कापड नेत नाही, सोसेफोकडे ठेवतो. उद्या वळणावर वॉकीटॉकी चालू करून आधी नाव सांगणार: यानिक, मी एलोई. पुढे काय होतं ते बघायची खरंच उत्सुकता आहे.

पोचलो तर कापड आईचं आणि हा कागद चुलीत.

नाही पोचलो तर कापड यानिकचं. गोळी कोणाचीही असो, मामाला खबर त्यानेच द्यायची. कापड ठेवायचं असतं हे त्याच्या पणजोबाला कोणी सांगितलं नसेल. याला मी सांगतोय. आमच्या दारात येताना त्याचे हात रिकामे नसावेत, एवढ्यासाठी.

सही: एलोई पोआरो

साक्षीदार:
सोसेफो ताउफाना, ड्रिल कामगार (कापड मिळालं. कागद जाळायला आवडेल.)
आंद्रे वाबेआ, खाणावळीचा स्वयंपाकी

बराक सहा, १९ जून २०२४