खंडेनवमीची खोकी

मलकापूर, कराड

प्रिय धैर्यशील,

चारचौघांत तुला 'अहो' म्हणते ते पत्रात काही जमत नाही. विश्रामबागेतल्या गेमपार्लरमध्ये ओळख झाली तेव्हापासून तू 'अरे'च, आणि कागदावर आईंचा कान पोचत नाही. तुझं पत्र मिळालं. तुमच्या त्या सीमेवरच्या चौकीवर फोन लागत नाही हे एका परीने बरंच म्हणायचं. फोनवर तू 'बाकी काय' म्हणतोस, मी 'बाकी काही नाही' म्हणते आणि संपतं. पेन्शन घेऊन यायचं की आणखी दोन वर्षं वाढवून घ्यायची, असं तू मला विचारलंयस आणि त्याच्याच खाली 'वाढवावीत असं वाटतंय' असं उत्तरही लिहून टाकलंयस. धन्य आहेस. त्याबद्दल शेवटी लिहिते. आधी बातमी ऐक आणि रागावू नकोस. तुझा कॉम्प्युटर मी जोडला.

हो, तोच. ज्याचा एकेक भाग तू एकेका सुट्टीत घेऊन आलास आणि 'पेन्शन घेऊन आलो की आपण दोघं बसून जोडू' म्हणत कपाटावर रचून ठेवलास. आई दर खंडेनवमीला ती खोकी खाली काढून पूजेत मांडतात. खुरपी, कोयता, माझं शिलाई मशीन आणि शेजारी तुझं सीलबंद कॅबिनेट. मदरबोर्डाच्या खोक्यावर इतकं हळदीकुंकू साठलं होतं की वरचं चित्रच दिसेना. आपली लेक अपेक्षा तर लहानपणी त्याला शाळेत जाताना नमस्कार करायची, घरातला एखादा देव असावा तसा. यंदा पूजा मांडताना मी आईंना सहज म्हटलं, कोयत्याची पूजा करतो आणि तो उसाला लावतो, मशीनची करतो आणि मी त्यावर ब्लाउज शिवते. या हत्याराची मात्र नुसतीच पूजा. आईंनी खोक्यांना कुंकू लावलं. दसरा झाला, सोनं वाटून झालं आणि मी खोकी उघडायला घेतली.

पहिल्याच घासाला खडा लागला. तू सगळ्यात आधी आणलेली रॅम बोर्डात बसेना. पट्टीची खाच एकीकडे, बोर्डावरचा उंचवटा दुसरीकडे. उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. मला वाटलं जोरच कमी पडतोय, पण तुझी आठवण झाली आणि जोर लावला नाही, कारण जोर लावून मोडायचं काम या घरात तुझ्याकडे आहे. शेवटी सगळं पिशवीत भरून एसटीने विश्रामबागेत नाथाजीदादांकडे गेले. त्यांचा गेमपार्लर केव्हाच बंद झाला, त्याच गाळ्यात आता कॉम्प्युटरच्या भागांचं दुकान आहे. त्यांनी रॅम हातात घेतली आणि म्हणाले, वहिनी, ही चांगलीच होती हो, पण बोर्ड हिच्या नंतरच्या पिढीचा आहे, आता या दोघांचं जमायचं नाही. ग्राफिक्स कार्डाची वॉरंटी तर सील फोडायच्या आधीच संपलेली निघाली.

दादा नवीन रॅम काढेपर्यंत मी त्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. आपली शेजारशेजारची दोन मशीनं होती ना, तिथे. तू लष्करभरतीच्या अकॅडमीतलं धावणं संपवून धुळीच्या बुटांनी यायचास आणि मी इंग्रजीचा तास बुडवून. आपण गाड्या पळवायचो आणि ज्याला आपण 'पाटणचं वळण' म्हणायचो तिथे तू भिंतीवर आदळायचास. दरवेळी. ब्रेक नावाची गोष्ट तुला सरकारने शिकवली असेल तर असेल, तेव्हा येत नव्हती. मी पुढे जाऊन तुझ्यासाठी गाडी हळू करायची आणि तू समजायचास की हिला चालवताच येत नाही. वर म्हणायचास, हे मशीनच भंगार आहे, एक दिवस माझा स्वतःचा कॉम्प्युटर जोडीन, मग बघ. त्या 'मग बघ'वर मी लग्न केलं, आणि अजून बघतेच आहे.

तर, जोडला. प्रोसेसर ठेवताना श्वास रोखून धरला होता. त्यावर जी राखाडी पेस्ट लावतात ती तंबाखूला चुना घेतो तेवढीच घ्या, असं दादांनी बजावलं होतं. मामंजींमुळे ते माप मला पाठच होतं. बटण दाबलं आणि आतले पंखे फिरायला लागले तेव्हा अपेक्षा इतकी ओरडली की शेजारच्या काकू काय झालं म्हणून विचारायला आल्या. पण गेम सुरू केला की गाडी जेमतेम पहिल्या वळणापर्यंत जायची आणि मशीन बंद पडायचं. पुन्हा चालू, पुन्हा बंद. मी रडकुंडीला आले.

तुला आपल्या घराची रीत माहीतच आहे. नव्या वस्तूचं प्लास्टिक काढायचं नाही. टीव्हीच्या रिमोटला पिशवी, फ्रिजच्या मुठीला कागद, सोफा तर आल्या दिवसापासून प्लास्टिकमध्ये. म्हणून मीही कशाचं काही सोललं नव्हतं. तू येशील तेव्हा सगळं कोरं दिसावं असं मनात होतं. दादांनी व्हिडिओ कॉलवर प्रोसेसरवरचा पंखा उघडून दाखवायला सांगितलं. त्याच्या बुडाला पातळ प्लास्टिक तसंच चिकटलेलं, आणि त्यावर 'बसवण्याआधी काढा' असं चांगलं ठळक इंग्रजीत छापलेलं. बी.ए.ला इंग्रजी घेतलेल्या बाईला ते दिसलं नाही. आतली धग बाहेर पडायला वाटच नव्हती. ते सोललं, जुनी पेस्ट पुसून नवी लावली आणि मशीन जे सुरू झालं ते अजून एकदाही बंद पडलेलं नाही.

हसू दाबत मी ते प्लास्टिक आईंना दाखवलं. त्या हसल्या नाहीत. ते बोटांत धरून सोफ्यापाशी गेल्या. तो सोफा त्यांनी मामंजी पेन्शन घेऊन येणार म्हणून घेतला होता, हे मला माहीत नव्हतं. मामंजींनीही दोन वर्षं वाढवली, मग आणखी दोन. आले ते आजारीच आले, आणि वर्षाच्या आत गेले. आई म्हणाल्या, "त्यांच्यासाठी म्हून ठिवलं गं समदं. ते आलं, आन् वापरायचं ऱ्हाऊनच गेलं. धैर्याला लिव्ह, लय जपून ठिवू नगं म्हणावं." मग माझ्या शिवणाची कात्री घेऊन त्यांनी स्वतः सोफ्याचं प्लास्टिक कापलं. आतला रंग मोरपंखी आहे. मी या घरात आल्यापासून तो करडा समजत होते.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. वाढवू नकोस. त्या कागदावर सही करू नकोस. मी आजवर कधी 'ये' म्हटलं नाही, कारण म्हटलं की तुझं तिकडे मन लागणार नाही अशी भीती वाटायची. ऊस वेळेवर जातो, अपेक्षाची शाळा होते, माझी शिवणाची गिऱ्हाइकं येतात. तुझ्यावाचून सगळं चालतं, आणि त्याचाच मला आता कंटाळा आलाय. दुपारी मी एक डाव खेळते. दुसरी गाडी मशीन स्वतः चालवतं आणि ते पाटणच्या वळणावर कधीच आदळत नाही. जिंकून करायचं काय? मला तू हवा आहेस, धैर्यशील, तुझे गुडघे नीट वाकतायत आणि मला तुझ्यावर मनापासून हसता येतंय तोवर. तू आणलेल्या गेमच्या दोन कंट्रोलरपैकी एकाचं खोकं मी फोडलं. दुसऱ्याला हात लावलेला नाही, त्यावर यंदाचं कुंकू अजून आहे. पुढच्या खंडेनवमीला ते खोकं पूजेत मांडायचं नाही, असं आई आणि मी ठरवलंय.

चारचौघांत 'अहो' म्हणणारी, पण तुझीच,
संयोगिता