खाली बसलेला नकार

मंगळवार, १२ मार्च

प्रिय ठमे,

आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. तू कशी आहेस ते लिही, आणि 'बरी आहे' एवढ्यावर भागवायचं नाही.

आधी बातमी. काल मी फायरवॉल सर केली! हसू नकोस. तू म्हणत होतीस ना, "ताई, तुझा संगणक माझा कॉल घेतच नाही, तुझ्यासारखाच फटकळ झालाय"? तर दोष सापडला, आणि तो मीच शोधून काढला.

फायरवॉल म्हणजे संगणकाच्या दारावरचा राखणदार. कोणाला आत सोडायचं, कोणाला नाही, याचे नियम आपण घालून द्यायचे. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर म्हणाला, "काकू, बंदच करून टाका ना ती. कटकट संपेल." मी विचारलं, "कडी अडकते म्हणून तुम्ही घराचं दार उखडून ठेवता का?" त्याच्याकडे लगेच दुसरं गिऱ्हाईक आलं.

मग चष्मा पुसून मीच बसले. तुझ्या त्या बोलण्याच्या प्रोग्रॅमला 'येऊ दे' असा नियम केला. तू कॉल केलास, संगणक ढिम्म. पुन्हा नियम केला, तरी ढिम्म! माझा पारा चढला. शेवटी सगळे नियम वरपासून खालपर्यंत वाचून काढले, तेव्हा चोर सापडला. प्रोग्रॅम नवा होता तेव्हा संगणकाने विचारलं होतं, याला आत घेऊ का? दारावर आलेल्या विक्रेत्याला सांगते तसं मी न बघताच 'नको' सांगून टाकलं होतं. तो नकार तिथेच ठाण मांडून होता. आणि गंमत ऐक: एक नकार शिल्लक असेल तर वर कितीही होकार चढवा, राखणदार नकारच मानतो. आधी तो काढावा लागतो. मी काढला, आणि लगेच तुझा चेहरा पडद्यावर! मी उठून टाळ्या पिटल्या, ते तू पाहिलंसच.

पाहिलं मीही. गळ्याला रुमाल होता आणि तू आवाज चोरून बोलत होतीस. ऑपरेशनचं विचारलं तर तुझं दूध उतू जायला लागलं. हल्ली तुझ्याकडे दूध फार उतू जातं.

डॉक्टरांनी घशातली गाठ काढायची म्हटलं, त्या दिवशी तू मला म्हणालीस, "ताई, तू येऊ नकोस. माझं मी बघेन." तेव्हापासून मी नाना तऱ्हांनी विचारतेय. स्वयंपाकाला येऊ? औषधं द्यायला येऊ? नुसती शेजारी बसायला? तुझं प्रत्येकाला एकच, "बघू." मला वाटायचं, मलाच नीट विचारता येत नाही. आता कळलं. विचारण्यात खोट नाही. खाली तो 'येऊ नकोस' बसलाय.

आणि तो तुझ्या बाजूला आहे, ठमे. मला इथून काढता येत नाही.

होकार मी मागतच नाही. तेवढा नकार काढ. बॅग भरून दाराशी ठेवली आहे. बोलायचा त्रास घेऊ नकोस. नुसती एक रिंग दे आणि ठेवून दे. पुढच्या सोमवारी तुला आत नेतील, तेव्हा बाहेरच्या बाकावर मी असेन.

कडक पहाऱ्यातही तुला एकटीला दार उघडं ठेवणारी,
ताई