पार्टटाइम रजेचा अंतिम मसुदा

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून पोळी केंद्राचा एचआर माझ्याकडे. योगिनी मॅडम असं म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, साईनाथ, कोलशेतच्या एका कंपनीचं कँटीन आपल्याकडून पोळ्या घेणार आहे, त्यांना आपल्या पार्टटाइम बायकांना रजा कशी देतो ते एका कागदावर हवंय, बघ जरा. पण अर्थ तोच.
बारावी राहिली ती अकाउंट्समुळे. हे अकाउंट्स नाही, धोरण आहे.
शुक्रवारपर्यंत संपवणे. रोज सकाळी गरम पाणी पिणे.

३ फेब्रुवारी, दुपार
केंद्रात फुलटाइम माणसं तीन. मी, भाजीचे आचारी आणि टेम्पोवाला कुंडलिक. वर्षाला अठरा दिवस रजा. पोळ्या लाटणाऱ्या बायका अकरा, सकाळी सहा ते दहा. चार तास म्हणजे निम्मा दिवस. म्हणून निम्मी रजा. नऊ.
चहा गार व्हायच्या आत सुटलं. मग मोठ्या कंपन्यांत एचआरची माणसं दिवसभर काय करतात?

६ फेब्रुवारी, शुक्रवार
अडचण आली. अकरापैकी दोघी फक्त सोम-बुध-शुक्र येतात. त्यांना निम्म्याची निम्मी, साडेचार दिवस. पण त्यांचा अर्धा दिवस म्हणजे दोन तास. दोन तासांची रजा घेतलेली बाई आठला उगवणार, तोवर तिच्या वाट्याची कणीक कोणी लाटायची?
रजा तासांत मोजायची असं ठरवलं. याला दूरदृष्टी लागते. धोरण सोमवारी देतो असं मॅडमना सांगितलं. त्या फोनवर होत्या, त्यांनी हात हलवला.
गरम पाणी राहिलं.

११ फेब्रुवारी
तासांत मांडलं. फुलटाइम अठरा दिवस गुणिले आठ, एकशे चव्वेचाळीस तास. निम्मे केले की बायकांना बहात्तर यायला हवेत. माझे येतात छत्तीस. मोबाइल सोडून कॅल्क्युलेटरवर केलं. छत्तीसच.
जेवल्यावर लक्षात आलं. मी आधी दिवस निम्मे केले आणि तो प्रत्येक दिवस मुळातच निम्मा होता. दोनदा अर्धं झालं.
बराच विचार केला. ही चूक नाही, सेफ्टी मार्जिन आहे. शिवाय तक्ता पेनने केलाय.

१६ फेब्रुवारी, सकाळी सव्वासहा
पोळपाटावर एक अनोळखी बाई. सराईतपणे लाटत होती. विचारलं, आपण कोण? म्हणाली, मी आज कांता.
म्हटलं, म्हणजे?
म्हणजे कांता दवाखान्यात गेलीय, मी मीराबाई, तिची शेजारीण. बाजूला सर रे बाबा, पीठ सांडेल.
कुंडलिक टेम्पोत डबे भरत होता, तो हसायला लागला. अरे साई, तुला एवढं पण माहीत नाय? सगळ्याच असं करतात. कांतामावशी मे महिन्यात गावाला गेली की मीराबाई येते. मीराबाईची सून बाळंत झाली तेव्हा तिची धुण्याभांड्याची कामं कांतामावशीने उरकली. आपसांतलं आहे ते. तू पोळी खा आणि गप बस.
म्हणजे माणूस रजेवर आहे आणि रजा मात्र लागतच नाही. मग माझे छत्तीस तास वापरणार कोण? संपूर्ण मसुदा धोक्यात.
पोळी खाल्ली. चांगली होती. धोरणाशी संबंध नाही.

२० फेब्रुवारी
कांतामावशी (यापुढे कागदोपत्री कांताबाई) टेबलापाशी आल्या. त्यांना शिमग्याला गावी जायचंय, संगमेश्वरकडे. देवीची पालखी घरोघर फिरते, यांच्या अंगणातही येते. दार उघडं लागतं, घरच्या बाईने देवीची ओटी भरायची असते. इतकी वर्षं सासूबाई गावीच होत्या, त्या दिवाळीआधी वारल्या. घराला कुलूप आहे. यंदा मीच गेले पाहिजे, म्हणाल्या. दार बंद दिसलं तर देवी अंगणातून मागे फिरते.
मी विचारलं, तारीख?
तारीख गावकर, म्हणजे गावचे मानकरी, ठरवतात. एक-दोन दिवस आधी फोन येतो. फोन आला की निघायचं. मीराबाईला सांगून ठेवलंय.
अर्जात ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे दोन रकाने आहेत, दोन्ही भरणं सक्तीचं. मी दाखवले.
त्यांनी दोन्ही रकान्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, अरे साईनाथ, यात देवीची सही कुठे घ्यायची?
बाकीच्या बायका खूप हसल्या. मीही हसलो, एचआरने खेळीमेळीचं वातावरण ठेवावं.

२५ फेब्रुवारी
मॅडम पंधरा दिवस कल्याणच्या नव्या किचनमध्ये. जाताना म्हणाल्या, इथलं तू बघ. लेखी नाही, पण साक्षीदार आहेत.
नोटीस लावली. एक मार्चपासून: (१) बदली बंद. (२) अर्ज सात दिवस आधी. (३) मंजुरीशिवाय गैरहजर राहिल्यास नाव कमी करण्यात येईल. तिसरा मुद्दा फक्त शिस्तीसाठी आहे, तसं कोण करणार आहे. केंद्राचा शिक्का मारला. एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नाही. आचारी म्हणाले, अक्षर छान आहे. मजकूर वाचला नाही त्यांनी.

२ मार्च, सोमवार
एकीला ताप, तिच्या जागी तिची बहीण आली होती. परत पाठवली. चाळीस पोळ्या कमी पडल्या. मी लाटायला बसलो. सहा केल्या. कुंडलिक म्हणाला, यातली एक तरी गोल कर, गिऱ्हाइकाला नकाशे नको आहेत.
नव्या व्यवस्थेला सुरुवातीला त्रास होतोच.

६ मार्च, शुक्रवार, सकाळी पावणेसहा
कांताबाई शटर उघडायच्या आधी उभ्या होत्या. फोन आला. पालखी उद्या शनिवारी सकाळी आठ-नऊच्या सुमारास यांच्या अंगणात. आज रात्री शीळफाट्यावरून बस आहे. रविवारी तशीही सुट्टी, सोमवारी सहाला हजर. फक्त उद्याचा एक दिवस.
तक्ता बघितला. मार्चपर्यंत त्यांचा दीड दिवस जमा आहे. मार्जिन धरूनसुद्धा. म्हणजे रजा आहे. फक्त सात दिवसांची नोटीस नाही.
तसं सांगितलं.
म्हणाल्या, मग मीराबाईला येऊ दे.
बदली बंद आहे, म्हटलं.
म्हणाल्या, साईनाथ, मला काल रात्री कळलं रे. सात दिवस आधी कुठून सांगू?
हा प्रश्न धोरणात बसत नाही. मॅडमना फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावावा असं मनात आलं. पण एकदा अपवाद केला की अकरा जणींना करावा लागेल. आणि मग फॉर्म्युल्याला अर्थ काय?
नाव खरंच कमी होईल का, विचारत होत्या. मी म्हटलं, तसं लिहिलंय.
त्या आत गेल्या, हात धुतले आणि कणकेचा गोळा घेतला.
गरम पाण्याचं पुन्हा मनावर घेणे.

७ मार्च, शनिवार, साडेदहा
हजेरी शंभर टक्के. धोरण लागू झाल्यापासून पहिल्यांदाच. नोंद घ्यावी.
आठ चाळीसला कांताबाईंच्या पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. ढोल वाजत होते. लाटणी थांबली. मी कारण बघायला गेलो.
अंगण शेणाने सारवलेलं होतं, शेजाऱ्यांनी सारवलं असावं. दाराला कुलूप. पालखी आली, थोडी नाचली. नेणाऱ्यांपैकी एकाने कुलूप हलवून बघितलं. पुतण्या म्हणाला, काकी, काय सांगू यांना?
कांताबाईंनी पिठाच्या हातानेच पदर डोक्यावर घेतला आणि डब्याला नमस्कार केला. म्हणजे फोनला. म्हणाल्या, सांग, बाई कामावर आहे.
पालखी वळली. नंतर नुसतं अंगण दिसत होतं. मग पुतण्याचे पाय. मग कॉल कट झाला.
काम बंद होतं, नऊ मिनिटं. नऊ जणींची नऊ मिनिटं रजेतून वजा करावीत का? तूर्त करू नयेत. माणुसकी.
दहाला सगळ्या माझ्या टेबलावरून सरळ निघून गेल्या. सगळ्यांची घाई असते. मला काही वाटलं नाही. पाणी प्यायलो, साधंच.

८ मार्च, रविवार
सुट्टी. मसुदा पूर्ण झाला. चार पानं, एक परिशिष्ट. आईला दाखवला. म्हणाली, तुझे बाबा असते तर बघितलं असतं. तिला वाचता येतं, पण चष्मा सापडला नाही.

१० मार्च, मंगळवार
मॅडम आल्या. भिंतीकडे बघून म्हणाल्या, हे कोणी लावलं?
मी मसुदा पुढे केला. त्यांनी पहिलं पान बघितलं, परिशिष्ट बघितलं. म्हणाल्या, अरे, कोलशेतला मी फेब्रुवारीतच पाठवून दिलं. तुझं होईना, ते रोज विचारत होते. तुला सांगायचं राहिलं.
काय पाठवलंत, विचारलं.
दोनच ओळी. आमच्या बायका अडीनडीला आपसांत बदली देतात, काम थांबत नाही. त्यांचं लगेच ओके आलं.
मग नोटीस भिंतीवरून काढली. चिकटपट्टीबरोबर थोडा रंग निघाला. मला म्हणाल्या, डबे मोजून टेम्पोत चढव, कुंडलिक खोळंबलाय.
मोजले. बरोबर होते.
वेळ मिळाल्यावर आत गेलो. चूक झाली असं नव्हे, पण रेकॉर्ड नीट असावं. कांताबाईंना म्हटलं, तुमची शनिवारची रजा मी मागच्या तारखेने मंजूर करतो.
त्यांनी मान वर केली नाही. लाटता लाटता म्हणाल्या, शनिवारी मी इथेच होते ना रे.